येतानाचा आकडा

१७ जानेवारी

काम मिळालं. पालिकेचं पत्र आज हातात पडलं. नोकरी सोडून सात महिने झाले आणि या सात महिन्यांत "सध्या काय करतेस?" या प्रश्नाला मी इतकी वेगवेगळी उत्तरं दिली आहेत की त्यातलं खरं कोणतं हे मलाच आठवत नाही. आता एक उत्तर आहे.

टेकडीच्या उतारावर एक गल्ली, चौदा घरं. तिच्याखाली कधीकाळी दगडाची भुयारी खाण होती. नकाशे कोणाकडेच नाहीत. गेल्या वर्षी दहाव्या घरातल्या शिंप्याच्या भिंतीला तडा गेला, तेव्हापासून वरची घरं धास्तावली आहेत. जमीन आतून पोकळ होत चालली आहे का, एवढंच मी सांगायचं आहे.

अडचण एकच. चौदावं घर, गल्लीच्या वरच्या टोकाचं शेवटचं, आमचं आहे. तिथे बाबा, दादा आणि वहिनी राहतात. हे मी अर्जात लिहिलं होतं. आज पालिकेच्या मुख्य अभियंता बाईंना फोन करून पुन्हा सांगितलं. त्या म्हणाल्या, "दोनदा सांगितलंत, पुरे झालं. तिसऱ्यांदा सांगाल तर मला शंका यायला लागेल."

तरी मी ठरवलं आहे. घरी राहायचं नाही, खाली मोठ्या रस्त्यालगत खोली घ्यायची. यंत्रं एकदा बसवली की अहवाल हातावेगळा होईपर्यंत त्या घराचा उंबरा ओलांडायचा नाही. माझ्या घराला सूट दिली असं उद्या कोणी म्हणायला नको.

२३ जानेवारी

बारा पेट्या बसवल्या. अकरा अंगणांत, पायऱ्यांखाली, शिंप्याच्या कोळशाच्या खोलीत. बारावी आमच्या घरी, बाबांच्या खोलीत, कारण तिथली फरशी थेट खडकावर टेकलेली आहे. प्रत्येक पेटीतल्या घड्याळाला आकाशातल्या उपग्रहांकडून वेळ मिळते. त्यासाठी साबणाच्या वडीएवढी एक काळी डबी उघड्यावर ठेवावी लागते. बाबांच्या खोलीत ती खिडकीबाहेरच्या कट्ट्यावर ठेवली. वायर आत यायला खिडकीला बोटभर फट राहिली. वहिनी म्हणाली, "वारा नेमका बाबांच्या उशाशी येणार." मी म्हटलं, दोन महिन्यांचा तर प्रश्न आहे, वहिनी. 

बाबांना सगळं समजावून घ्यायचं होतं. चौतीस वर्षं ते बांधकाम खात्यात उंची मोजायचं काम करत होते. रस्ता, कालवा, पूल, काहीही बांधायच्या आधी बाबा तिपाईवर दुर्बीण लावून बघणार आणि समोर एक माणूस आकड्यांची उंच पट्टी उभी धरणार. शाळेच्या सुट्टीत तो माणूस मी असायची. अजून ते मला पट्टीवाली म्हणतात.

मी सांगितलं: आम्ही सुरुंग लावत नाही, जमिनीवर घणही मारत नाही. नुसतं ऐकतो. मोठ्या रस्त्यावरच्या वाहनांची, कारखान्याच्या दाबयंत्रांची धडधड जमिनीतून सतत येत असते. तीच धडधड आधी खालच्या पेटीला ऐकू येते, मग वरच्या. एका पेटीची नोंद दुसरीच्या नोंदीवर ठेवायची आणि हळूहळू सरकवत न्यायची. दोन्ही कुठे तंतोतंत जुळतात ते बघायचं. जितकं सरकवावं लागलं, तेवढा वेळ लाटेला खालून वर यायला लागला. जमीन घट्ट असेल तर लाट लवकर येते, भुसभुशीत झाली तर रेंगाळते. जणू खालच्या पेटीने टाळी वाजवली आणि वरच्या पेटीने ती ऐकली.

"आणि वरच्या पेटीने वाजवली तर?"

तेही असतं, मी म्हटलं. सरकवण्याच्या दोन दिशा असतात. एका दिशेला खालून वर गेलेली लाट, दुसऱ्या दिशेला वरून खाली आलेली.

बाबा खूश झाले. म्हणाले, म्हणजे आमचंच काम. जाताना मोजायचं, येताना मोजायचं, आणि दोन्ही भरले, म्हणजे जुळले, तर सही करायची. नुसत्या जातानाच्या आकड्यावर सही करायची नाही.

जेवलीस का, असं त्यांनी मला तासाभरात तीनदा विचारलं. वयाप्रमाणे चालायचंच. दादा तेवढ्यात उठून मागच्या दाराकडे गेला. तो माझ्याशी दिवसभरात चार वाक्यं बोलला असेल. बहीण आली आहे, चहा तरी हसून घ्यावा.

२६ जानेवारी

बाराही पेट्या आपापल्या नोंदी फोनच्या जाळ्यावरून रोज पाठवतात. खोलीत बसल्या बसल्या बारा ओळी दिसतात. पहिला रकाना बॅटरीचा, दुसरा नोंदींचा, तिसरा घड्याळाचा. सगळे हिरवे.

४ फेब्रुवारी

वहिनीचा फोन. बाबांना खोकला झाला आहे, खिडकीतून वारा येतो. मी म्हटलं, त्यांना पुढच्या खोलीत निजव. म्हणाली, ते दुसरीकडे झोपत नाहीत, उठून चुकतात. मला 'चुकतात'चा अर्थ नीट लागला नाही, पण तेव्हाच दुसरा फोन वाजत होता.

१० फेब्रुवारी

वहिनीचा पुन्हा फोन. या वेळी आवाज मोकळा होता. बाबांचा खोकला थांबला, काल रात्रभर शांत झोपले. सुताराला बोलावून खिडकीच्या कडेला लाकूड ठोकून घेतलं, आता अगदी घट्ट बसते. मलाही बरं वाटलं. तिचे आभार मानले. घरी जायचं नाही असं ठरवून बसले आहे म्हणून एरवी मन खातं.

दिवसभर नोंदी जुळवत होते. खालून वर जाणारी बाजू सुरेख येते आहे, सुईच्या टोकासारखी. वरून खाली येणारी जवळजवळ दिसतच नाही. साहजिक आहे, आमच्या घराच्या वर नुसती उघडी टेकडी. तिथे धडधड करायला आहे कोण? ही बाजू सध्या सोडून दिली.

बॅटऱ्या रोज बघते. नोंदी रोज बघते.

२० फेब्रुवारी

काहीतरी होतं आहे. दोनदा तपासलं, मग जेवून येऊन तिसऱ्यांदा.

खालच्या अकरा पेट्यांच्या आपसांतल्या जोड्या स्थिर आहेत. पण चौदाव्या घरच्या पेटीशी जी जी जोडी केली, तिच्यात लाट उशिरा पोचते आहे, आणि उशीर रोज थोडा थोडा वाढतो आहे. सुरुवात दहा तारखेच्या सुमारास. टक्केवारी काढून आलेख केला तर चित्र आणखी स्पष्ट होतं: पेटी आमच्या घराच्या जितकी जवळ, तितकी वेगातली घट मोठी. म्हणजे जे काही होतं आहे ते आमच्या घराच्याच खाली, आणि तिथून बाजूला विरत जाणारं.

आलेखाची रेघ इतकी सरळ आहे की कोणी पट्टी लावून काढली असावी. असा स्वच्छ निकाल मला वीस वर्षांत मिळाला नव्हता.

हे लिहिताना मला भीती वाटते आहे. पण खरं सांगायचं तर भीतीच्या अगोदर, क्षणभर, आनंद झाला होता. तो इथे लिहून ठेवते. दुसरीकडे कुठे लिहिणार?

२८ फेब्रुवारी

घट वाढते आहे. आमच्या शेजारच्या पेटीशी जोडीत शेकडा सहा.

५ मार्च

दादा बाबांना गुडघे दाखवायला खालच्या दवाखान्यात घेऊन आला होता. बाहेरच्या बाकावर तिघं बसलो. हे काही घर नाही, त्यामुळे नियम मोडला असं म्हणता येणार नाही. असा हिशेब मी तिथे बसून केला आणि माझी मलाच लाज वाटली.

मी दादाला सांगून टाकलं. आकडे वाईट आहेत. वरची सहा घरं रिकामी करा असं कदाचित लिहावं लागेल.

 तो म्हणाला, बाबांना त्या घरात अंधारातसुद्धा रस्ता सापडतो. पलंगावरून उठलं की उजवीकडे वळायचं, सात पावलं, बाथरूम. डोक्यात राहत नाही आता त्यांच्या, पायांत आहे. दुसऱ्या घरात ते पायांत कुठून येणार?

मी म्हटलं की घर कोसळलं तर पायही राहणार नाहीत. बोलायला नको होतं असं बोलले. पुढे म्हटलं, माझंच घर म्हणून मी नियम बाजूला ठेवू शकत नाही.

"तुला नियम पाळायला जमतात," दादा म्हणाला. "कारण त्यांचं ओझं वाहायला आम्ही आहोत."

बाबा मध्ये बसून आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघत होते. ते म्हणाले, खाली रस्त्याच्या मोरीच्या भिंतीत एक खिळा आहे आणि आपल्या पायरीला एक. मी सव्वीस वर्षं वर्षातून दोनदा मोजलं, दोन्हींतला फरक दोन मिलिमीटरनेसुद्धा हलला नाही. मी म्हटलं, बाबा, तुम्ही शेवटचं मोजलं त्याला सहा वर्षं झाली. ते त्यांनी मान्य केलं. मग विचारलं, "येतानाचं भरतंय का?"

येतानाचं फार मंद आहे, बाबा. वरून आवाज करणारं कोणी नाही.

"मग थांब. ऐकू येईपर्यंत थांब."

मी त्यांना समजावलं की ती बाजू धूसर आहे, तिच्यातून निदान महिन्याभराने काही दिसलं तर दिसेल, आणि तेवढा वेळ धोका पत्करता येणार नाही. त्यांनी मान हलवली. थोड्या वेळाने विचारलं, "जेवलीस का?"

१२ मार्च

अहवाल दिला.

अभियंता बाईंनी पहिलं पान वाचलं, शेवटचं पान वाचलं आणि चष्मा काढला. त्यांनी विचारलं, तुमचं स्वतःचं घर नसतं तरी हेच लिहिलं असतं? मी ताबडतोब हो म्हटलं. त्यांनी सही केली.

आता खोलीत बसून लिहिताना वाटतं, आमचं घर नसतं तर मी कदाचित आणखी तीन आठवडे मागितले असते. आमचं होतं म्हणून मागता आले नाहीत. मागितले असते तर लोक म्हणाले असते, घर वाचवते आहे.

हे बरोबर आहे की चूक? बहुतेक बरोबरच. सावध राहण्याने कोणाचं नुकसान झालं आहे?

१९ मार्च

गल्लीत सभा. दोन आठवड्यांत वरची सहा घरं रिकामी करायची. शिंपी म्हणाला, त्याच्या भिंतीचा तडा दहा वर्षं जुना आहे, गेल्या वर्षी चुना निघाला म्हणून दिसला. आधी का सांगितलं नाही, असं कोणीतरी विचारलं तर म्हणाला, भिंत फुकटात दुरुस्त होईल असं वाटलं होतं, घर फुकटात जाईल असं नव्हतं वाटलं. सगळे हसले. मग कोणीच हसेना.

वहिनी सभेत मागे उभी होती. निघताना माझ्या जवळ येऊन म्हणाली, पेटीचं काय करायचं, हलवायची का? मी म्हटलं, आहे तशी चालू राहू दे, कोणी हात लावू नका.

२७ मार्च

सामान हललं. बाबांनी गाडीत पुढच्या सीटवर बसून दुर्बिणीची लाकडी पेटी मांडीवर घेतली होती. मागे ठेवा म्हटलं तर ऐकेनात. वहिनीने प्रत्येक खोली झाडली आणि मगच कुलूप लावलं. रिकाम्या घराला झाडून काय करायचं, असं दादा म्हणाला, पण थांबला तिच्यासाठी.

भाड्याची जागा तिसऱ्या मजल्यावर. स्वच्छ आहे, उजेड आहे. बाबा खिडकीतून खाली बघून म्हणाले, उंची बरीच आहे, कोणी मोजली?

११ एप्रिल

बाबा पडले.

पहाटे उठले. पलंगावरून उजवीकडे वळले. नव्या जागेत उजवीकडे बाहेरचं दार आहे, आणि दारापलीकडे जिना. दार आतून नुसतं लोटलेलं होतं, कारण दादा नुकताच दूध आणायला गेला होता. नऊ पायऱ्या. मांडीचं हाड वर, खुब्याशी मोडलं आहे.

दवाखान्याच्या व्हरांड्यात दादा भेटला. मला वाटलं, काहीतरी बोलेल. त्याने माझ्या हातात बाबांच्या चपला दिल्या आणि म्हणाला, "धर, मी कागद भरून येतो."

१५ एप्रिल

शस्त्रक्रिया झाली. भूल उतरल्यापासून बाबा मधूनच भलत्याच काळात जातात. काल नर्सला त्यांनी पट्टी सरळ धरायला सांगितली.

२२ एप्रिल

आज जे दिसलं ते जसं दिसलं त्याच क्रमाने लिहिते.

अंतिम अहवालासाठी आजपर्यंतच्या सगळ्या नोंदी एकत्र करून वरून खाली येणारी बाजू काढली. जवळपास तीन महिन्यांच्या नोंदी साठल्या की धूसर गोष्टीही वर येतात. आली. बारीक आहे, पण आहे. मग महिन्या-महिन्याचे भाग पाडून बघितलं.

जमीन खरंच भुसभुशीत झाली असती तर लाटेला जातानाही उशीर व्हायला हवा आणि येतानाही. तसं नाही. जाताना जेवढा उशीर होतो आहे, येताना लाट तेवढीच लवकर पोचते आहे. अगदी तेवढीच. जमीन असं करत नाही. असं फक्त एकच गोष्ट करते: एका पेटीचं घड्याळ.

मग मी टक्केवारी काढून टाकली आणि नुसता उशीर बघितला. प्रत्येक जोडीत तोच. दूरच्या पेटीशी तेवढाच, जवळच्या पेटीशीही तेवढाच. जवळच्या अंतराला लाटेचा वेळ मुळातच कमी, म्हणून टक्केवारीत तो उशीर मोठा दिसला, आणि मी त्यातून आमच्या घराखालची पोकळी उभी केली. कच्चे आकडे एकाखाली एक लिहिले असते तर कोणालाही कळलं असतं. मीच त्यांना भागाकार करून सुंदर केलं.

तिसरा रकाना उघडला. चौदाव्या घराच्या ओळीत घड्याळ नऊ फेब्रुवारीपासून लाल.

मी बॅटऱ्या रोज बघत होते.

२३ एप्रिल

सकाळीच किल्ली घेऊन घरी गेले. तीन महिन्यांनी उंबरा ओलांडला.

बाबांच्या खोलीची खिडकी घट्ट लागलेली. कडेला नवं लाकूड, नीट रंधलेलं. वायर आत ओढून गोल गुंडाळून ठेवली होती. काळी डबी कपाटावर, वहिनीने विणलेल्या लोकरीच्या छोट्या पिशवीत. पाण्याने खराब होऊ नये, धूळ बसू नये म्हणून. पिशवीला बंद होता, त्याची गाठ फुलासारखी बांधली होती.

मी पलंगाच्या जागी फरशीवर बसले. दहा फेब्रुवारीचं पान काढून वाचलं. सगळं माझ्याच हाताने लिहिलेलं आहे. खिडकी, लाकूड, घट्ट. आणि खाली 'आभार मानले'.

रोज संध्याकाळी दहा मिनिटं इथे चहाला आले असते तरी पुरलं असतं.

२४ एप्रिल

अभियंता बाईंना पत्र दिलं. दीड पान. त्यांनी उभ्यानेच वाचलं. म्हणाल्या, घड्याळ चुकण्याचं कारण यात लिहिलेलं नाही. मी म्हटलं, घड्याळाची स्थिती रोज माझ्यासमोर होती आणि मी ती बघितली नाही, हे लिहिलं आहे. त्यांनी विचारलं, "कारण तेवढंच?" मी हो म्हटलं. या वेळी ताबडतोब नाही, थोडं थांबून.

त्या म्हणाल्या, आपली चूक अशी लिहून आणून देणारं कोणी मला भेटलं नव्हतं. ही शाबासकी नाही, हे त्यांच्या आवाजावरून कळत होतं. दुसऱ्या तज्ज्ञाकडून तपासून घेतल्यावर लोकांना परत जाता येईल. मला पुन्हा काम मिळणार नाही. तेही बरोबर आहे.

दवाखान्यात दादाला सांगितलं. पूर्ण सांगितलं, फक्त पिशवीचं नाही. त्याने विचारलं, म्हणजे घराला काही झालेलं नव्हतं? नव्हतं, मी म्हटलं. तो म्हणाला, "बरं." तेवढंच. ओरडला असता तर मला उभं राहायला जागा मिळाली असती.

३० एप्रिल

वहिनीला कळलंच. सुताराने बोलता बोलता विचारलं म्हणे, त्या डबीचं पुढे काय झालं. दुपारी बाबांना पेज भरवून झाल्यावर ती मला व्हरांड्यात घेऊन गेली.

"ती डबी बाहेर असायला हवी होती ना?"

मी म्हटलं, हो.

"म्हणजे माझ्यामुळे."

नाही, मी म्हटलं. डबी आत गेली ते मला त्याच दिवशी कळायला हवं होतं. समोर रकाना लाल होता, मी बघितला नाही. खिडकीचं तू मला फोनवर सांगितलं होतंस, मी ऐकलं नाही. बाबांनी थांब म्हटलं होतं, मी थांबले नाही. तू बाबांचा खोकला थांबवलास.

हे सगळं खरं आहे. तरी ते ऐकताना तिच्या चेहऱ्यावर काही सैल झालं नाही. तिने वाटी विसळली, पुसली, पुन्हा विसळली. मग म्हणाली, "तू एकदा येऊन सांगितलं असतंस, डबीला आकाश दिसायला हवं, तर मी ती छपरावर चढून बांधली असती."

मला वाटत होतं, नियम मी स्वतःवर घातला आहे. तिला मी वायर आणि फट दाखवली. कशासाठी, हे सांगायचं मला सुचलंच नाही.

१८ मे

सहातली चार कुटुंबं परतली. शिंप्याने नव्या जागीच दुकान थाटलं आहे, तो येणार नाही. म्हणाला, दोनदा घर हलवायला मी काय तुमची पेटी आहे? अकराव्या घरातली बाई मला बघून दार लावून घेते.

बाबांना आज घरी आणलं. चौघांनी उचलून आणलं, कारण पाय जमिनीवर टेकवता येत नाहीत. त्यांची जुनी खोली, जुना पलंग, त्याच जागी. दादाने फरशीवरची पलंगाच्या पायांची खूण शोधून पाय नेमके त्यावर बसवले. बाबांनी छताकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं. कोणाचं घर आहे, असं विचारलं. दमले असतील प्रवासाने.

२ जून

दमले नव्हते. पंधरा दिवस झाले. मला आता वरची खोली दिली आहे. मी दुपारी त्यांच्यापाशी बसते, म्हणजे वहिनीला झोपता येतं. फेब्रुवारीतल्या 'उठून चुकतात'चा अर्थ आता रोज कळतो. दादाने आणि वहिनीने हे दोन वर्षं केलं, आणि मी लिहिलं होतं की चहा तरी हसून घ्यावा. पान फाडणार नाही. राहू दे.

९ जून

कपाटाखालून दुर्बिणीची पेटी काढली. भिंग पुसलं. दादा बघत होता. म्हणाला, आता आणखी काय मोजायचं राहिलं? मी म्हटलं, खालचा खिळा ते वरचा खिळा. तो म्हणाला, पट्टी कोण धरणार? मी पट्टी त्याच्यापुढे धरली. त्याने चपला घातल्या.

सकाळचे चार तास लागले. मोरीच्या भिंतीतला खिळा शेवाळाखाली गेला होता, दादाने किल्लीने खरवडून काढला. मी दुर्बिणीत बघायची, तो पट्टी धरायचा, मी आकडा वहीत लिहायची आणि तिपाई उचलून पुढे जायची. पहिल्या दोन ठिकाणी पट्टी तिरकी. मी सांगितलं, तर म्हणाला, पट्टी सरळ आहे, तूच वाकडी बघतेस. शिंप्याच्या बंद घरासमोर दोघंही थांबलो. अकराव्या घरातली बाई दारात आली, उभी राहिली, आणि या वेळी दार लावलं नाही.

वर पोचलो. पायरीवरच्या खिळ्यावर शेवटचा आकडा. दादाने पट्टी भिंतीला टेकवली आणि म्हणाला, झालं ना? मी म्हटलं, अर्धं. आता खाली जायचं.

जाताना चौदा मीटर दोनशे सहा मिलिमीटर. येताना चौदा मीटर दोनशे पाच. बाबांच्या शेवटच्या वहीत, सहा वर्षांपूर्वीच्या नोंदीत, चौदा मीटर दोनशे सहा.

चार वाजता वही घेऊन बाबांपाशी बसले. ते जागे होते. मला बघून म्हणाले, "आलास? उशीर केलास." त्यांच्या खात्यात पट्टी धरणारा एक माणूस होता, त्याच्याशी ते हल्ली बोलतात. मी म्हटलं, हो साहेब.

"वाच."

मी जातानाचे आकडे वाचले. त्यांनी डोळे मिटले होते, पण ओठ माझ्याबरोबर हलत होते, बेरीज चालली होती. शेवटचा आकडा झाला तसे म्हणाले, "येतानाचं?"

येतानाचे वाचले. एकही गाळला नाही. शेवटी म्हटलं, साहेब, एक मिलिमीटरचा फरक आहे.

"चालेल," ते म्हणाले आणि हात पुढे केला. मी पेन्सिल दिली, वही धरली. त्यांनी सही केली. सुरुवातीची दोन अक्षरं ओळखू येतात, पुढे रेघ वहीवरून उतरून चादरीवर गेली. मग त्यांनी पेन्सिल मला परत दिली, काम संपल्यावर द्यायचे तशी, टोक स्वतःकडे धरून.

"झालं ना सगळं? चल, आता मला घरी सोड."

मी त्यांचा हात धरून बसून राहिले. त्यांना खोकला आला. वहिनीने सकाळी हवा यावी म्हणून खिडकी किलकिली ठेवली होती, बोटभर. मी उठले आणि ती घट्ट लावून घेतली.